पासपोर्ट बदलला म्हणजे देश विकला?

चतुर्थीला गोव्यात म्हापशाला गेलो होतो. आरतीनंतर ओसरीवर वाद पेटला. शेजारच्या मुलाने आजोबांच्या पोर्तुगीज राजवटीतल्या जन्माच्या आधारे लिस्बनला नोंद करून पोर्तुगीज पासपोर्ट घेतला आणि इथला जमा केला. "देश विकला त्यानं," काका म्हणाले. मी गप्प बसलो, याचं आता वाईट वाटतं.

हाँगकाँगला मी ज्यांच्या दुकानाचे हिशेब सांभाळतो, ते सिंधी शेठ कौलूनमध्येच जन्मले. त्यांचा कोपरा कापलेला जुना पासपोर्ट मी हातात घेऊन पाहिला आहे. वर ब्रिटनचं राजचिन्ह, आत 'ब्रिटिश नॅशनल (ओव्हरसीज)', आणि ब्रिटनमध्ये राहायचा हक्क मात्र नाही! चिनी वंशाच्या रहिवाशांना १ जुलै १९९७ पासून, म्हणजे हाँगकाँग ब्रिटनकडून चीनकडे गेल्यावर, चीन आपलं मानणार होता. शेठजींसारख्यांना चीनही नाही, भारतही नाही. ब्रिटनने देऊ केलेला बिनहक्काचा दर्जासुद्धा मोजक्या पिढ्यांपर्यंतच जाणार होता. त्यापुढची पिढी कोणाचीच नाही. अनेक वर्षं अर्जविनंत्या झाल्यावर मार्च १९९७ मध्ये, इंग्रज निघायला जेमतेम साडेतीन महिने उरले असताना, अशा लोकांना पूर्ण नागरिकत्व देणारा कायदा झाला. "तोवर मुलाच्या लग्नाचं बोलणंही काढवत नव्हतं," शेठजी सांगतात.

बोटीने तासाभरावर मकाव, एकेकाळची पोर्तुगालची वसाहत. पोर्तुगालने तिथल्या कितीतरी चिनी कुटुंबांनाही पूर्ण नागरिकत्व दिलं, आणि १९९९ मध्ये जाताना ते काढून घेतलं नाही. त्यामुळे ब्रिटन युरोपीय संघात असेतो मकावचा माणूस लंडनमध्ये हक्काने नोकरी करू शकत होता. ब्रिटनच्याच हाँगकाँगमधला बहुतेक चिनी माणूस नाही. त्याला व्हिसाची वाट २०२१ मध्ये उघडली, तीही भरमसाट शुल्क भरून.

म्हणून काकांचं म्हणणं मला पटत नाही. पोरं जातात आणि घरांना कुलपं लागतात, हे त्यांचं दुःख खरं आहे; पण ती कामासाठी जातात. राज्यकर्ता निघून गेला तरी त्याने माणसांना दिलेला हक्क उरायला हवा, आणि गोव्याच्या बाबतीत तो उरला आहे. तो वापरताना मुलाने किंमतही मोजली आहे. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नसल्यामुळे त्याचं मत गेलं, आणि ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना इथे येण्या-राहण्यासाठी मिळणारं) हातात आलं तरी गोव्यात शेतजमीन विकत घेता येणार नाही. हे सगळं त्याने आईला समोर बसवून सांगितलं आणि मगच सही केली. पुढच्या चतुर्थीला मी हे काकांना त्याच ओसरीवर सांगणार आहे, त्या मुलाच्या आईसमोर.