वर्गणीदार नव्हे, टपालखर्च

अमेरिकन मासिकांच्या इतिहासावरच्या एका लेखात म्हटलंय की सुरुवातीची मासिकं वाचकांअभावी बंद पडली. अर्धंच खरं आहे. फिलाडेल्फियात प्रकाशक मॅथ्यू केरीचं ‘अमेरिकन म्युझियम’ १७८७ ते १७९२ चाललं. राज्यघटना, गुलामगिरी, शेती, सगळ्यावर त्यात वाद. १७९२ च्या टपाल कायद्याने वृत्तपत्राला १०० मैलांपर्यंत १ सेंट आणि पुढे दीड सेंट दर दिला. मासिकाला मात्र ती सवलत नाही. पत्राचा दर ३० मैलांच्या आतच ६ सेंट, तोही एका कागदाला. आता हिशेब करा: अष्टपत्री छपाईत, म्हणजे छापलेला मोठा कागद (ताव) दुमडून आठ पत्रं केली की, एका तावाची १६ पानं होतात, म्हणजे ६४ पानी अंकाला ४ ताव. पत्राच्या दराने तो कोण मागवणार? केरीने मासिक बंद करताना टपालालाच दोष दिला. १७९४ मध्ये मासिकांना तावामागे १ ते २ सेंट दर मिळाला, पण टपालात जागा असेल तरच. घोड्यावरच्या थैलीत जाड अंकाला कसली जागा!

‘फेडरलिस्ट’चे, म्हणजे नव्या राज्यघटनेची बाजू मांडणारे, निबंध आधी मासिकांत आले, हे लेखातलं विधानही चूक. ते न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांत आले, केरीने त्यातले काही नंतर उचलले.

जुने अंक चाळताना अंकावरच्या महिन्यावर विसंबू नका. १७४१ च्या, मुद्रक ब्रॅडफर्डच्या मासिकाचा ‘जानेवारी’ अंक फेब्रुवारीत निघाला होता. सहीवरही नको: ‘मॅसॅच्युसेट्स मॅगझिन’मध्ये १७९० साली स्त्री-पुरुष समानतेवर लिहिणारी ‘कॉन्स्टॅन्शिया’ हे टोपणनाव, खरी लेखिका ज्युडिथ सार्जंट मरे.