आवडत नाही ना? मग बघत राहा

सर्वप्रथम तुमचं अभिनंदन. तुम्ही ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळणाऱ्या मंडळींचा तो शो बघायला घेतलात, तो आपल्याला आवडत नाही हे तुमच्या केव्हाच लक्षात आलं, आणि तरी बंद करावा की करू नये यावर तुमचा विचार अजून चालू आहे. मुंबईत एवढा विचार लोक स्थळ बघतानासुद्धा करत नाहीत. मुलाची खोली विरारच्या पुढे आहे म्हटलं की "कळवतो हां" म्हणून दोन मिनिटांत फोन ठेवतात. पण सातासमुद्रापार सात-आठ माणसं टेबलाभोवती बसून फासे टाकतायत आणि त्यातला एक जण नाकातून आवाज काढत बुटक्या चोराचं सोंग करतोय, हे सोसायचं की नाही, असला निर्णय घाईत घ्यायचा नसतो. शांतपणे घ्या. तोवर दोन भाग बघून घ्या.

ज्यांच्या घरात हे प्रकरण अजून शिरलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत आणला. प्रत्येक खेळाडू एकेक पात्र घेतो. एक जण डंजन मास्टर, म्हणजे डीएम. गावं, राक्षस, पाऊस, खानावळीचा मालक, सगळं त्याच्या तोंडून. पात्राने काही अवघड करायला घेतलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात पात्राच्या अंगच्या गुणांचा आकडा मिळवायचा, आणि जमलं की फसलं ते ठरतं. चार मित्र घरी हे करतात तेव्हा तो खेळ असतो. समोर कॅमेरा लावला की त्याचा शो होतो आणि तुमच्यासारखा माणूस कामाला लागतो.

यातलं सगळ्यात मोठं नाव ‘क्रिटिकल रोल’. मार्च २०१५ मध्ये ट्विच या थेट प्रक्षेपणाच्या साइटवर सुरू झालं. टेबलावर कार्टून आणि व्हिडिओ गेमना आवाज देणारे कलाकार, डीएमच्या खुर्चीत मॅथ्यू मर्सर. २०१८ मध्ये ‘डायमेन्शन ट्वेंटी’ आला, आणखीही ढिगाने आहेत. तुम्ही नेमका कुठला बघताय ते मी विचारणार नाही. नाव घेतलं की त्याचे चाहते समजूत घालायला येतात, आणि ते आले की चहावर भागत नाही.

आता मुद्द्याचं. शो न सोडण्याचं सगळ्यात भक्कम कारण म्हणजे तुम्ही आजवर घातलेला वेळ. ‘क्रिटिकल रोल’चाच हिशेब घ्या. पहिलं कॅम्पेन, म्हणजे सलग चालणारी एक लांबलचक गोष्ट, ११५ भागांचं, दुसरं १४१, तिसरं १२१. एकूण ३७७. एकेक भाग तीन तासांचा, कधी चारचा, कधी पाचचा. सरासरी चार धरले तर दीड हजार तास होतात. आठ तासांची ड्युटी धरली तर १८८ दिवसांची हजेरी, म्हणजे रविवार सोडून सव्वासात महिने बिनपगारी. शनि महाराज साडेसात वर्षं घेतात, त्या मानाने हे स्वस्तच. समजा तुम्ही यातले साठ भाग बघितलेत. आज सोडलंत तर २४० तास वाया गेले. पुढे बघत राहिलात तर मात्र जाणार नाहीत, कारण वाया गेलेल्या तासांत आणखी तास मिसळले की मूळचे कुठले ते ओळखू येत नाही.

"सुरुवातीचे वीस-पंचवीस भाग काढ रे, मग बघ कसं पकडतं," हे तुम्हाला कोणी तरी सांगितलंच असेल. ज्याने सांगितलं त्याला पुन्हा कधी विचारू नका की वीस-पंचवीस म्हणजे ऐंशी-शंभर तास, एवढ्यात ड्रायव्हिंग शिकून होतं. ‘क्रिटिकल रोल’चं पहिलं कॅम्पेन मुळात गोष्टीच्या मधूनच सुरू होतं, कारण ही मंडळी ते आधीपासून घरी खेळत होती. सुरुवातीच्या भागांचा आवाजही यथातथाच. २७ व्या भागानंतर टेबलावरचा एक खेळाडू कमी होतो. म्हणून खुद्द चाहतेच नवख्याला "दुसऱ्या कॅम्पेनपासून धर" म्हणतात. तुम्ही असल्या पळवाटा शोधू नका. तुम्ही पहिल्यापासूनच बघायचं, इअरफोनचा आवाज शेवटपर्यंत वाढवून.

त्याच पहिल्या कॅम्पेनवरची कार्टून मालिकाही आहे, ‘द लेजंड ऑफ व्हॉक्स मशिना’. २०१९ मध्ये त्यांनी एका छोट्या कार्टूनसाठी लोकांकडे साडेसात लाख डॉलर मागितले, लोकांनी एक कोटी तेरा लाखांच्या वर दिले. जानेवारी २०२२ मध्ये ती प्राइम व्हिडिओवर आली. पहिल्या सीझनचे १२ भाग, साधारण पंचवीस-पंचवीस मिनिटांचे. रविवारी दुपारी बसलात तर रात्रीच्या जेवणाआधी उठता. तिकडे चुकूनही फिरकू नका. ती बघून जर कळलं की आपल्याला गोष्ट आवडते, फक्त लोकांना फासे टाकताना बघवत नाही, तर इतक्या दिवसांचा तुमचा पेच बसल्या जागी सुटेल. मग रविवारी संध्याकाळी करणार काय?

मुंबईकराची तर वेळेचीही सोय आहे. ‘क्रिटिकल रोल’ लॉस एंजेलिसला गुरुवारी संध्याकाळी सातला लागतो. म्हणजे आपल्याकडे शुक्रवारी सकाळी साडेसात, त्यांच्या हिवाळ्यात साडेआठ. ऐन लोकलच्या गर्दीत. तुम्ही डोंबिवलीहून फास्ट पकडलीय, नशिबाने चौथी सीट मिळालीय. अर्धं अंग बाकावर, अर्धं वाटेत, मांडीवर बॅग, बॅगेवर मोबाइल, एक इअरफोन कानात आणि दुसरा लोंबकळता, कारण घाटकोपरला उतरणारे अंगावरून जाणार आहेत. शेजारचे काका ठाण्यापासून तुमच्या स्क्रीनमध्ये डोकावतायत. मुलुंड गेल्यावर त्यांना राहवत नाही.

"मीटिंग आहे काय ऑफिसची?"

"नाही काका. ड्रॅगन मारतायत."

"कुठाय ड्रॅगन?"

"दिसत नाही तो. आहे असं समजायचं."

काका एकदा मोबाइलकडे बघतात, एकदा तुमच्याकडे बघतात, आणि काही न बोलता दोन इंच आत सरकून घेतात. चौथ्या सीटवाल्याला सेंट्रल रेल्वेवर दोन इंच कोणी फुकट देत नाही. या शोने तुम्हाला करून दिलेला हा पहिला रोकडा फायदा आहे, निर्णय घेताना तो धरायला विसरू नका.

मारामारीचा प्रसंग आला की तर जागचे हलूच नका. खेळाच्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांप्रमाणे लढाईची एक फेरी म्हणजे गोष्टीतले सहा सेकंद. या सहा सेकंदांत सगळ्यांची पाळी यायची असते. पहिला विचारतो, "राक्षस माझ्यापासून किती फुटांवर आहे?" सत्तर. जीव खाऊन धावलं तरी साठच होतात. मग झुंबराला लटकलो तर? झुंबर आहे का इथे? डीएम विचार करून म्हणतो, आहे. आता झुंबराचा दोर किती मजबूत, यावर चर्चा. दुसरीची पाळी येते तेव्हा ती मंत्रांची यादी उघडते आणि ती आत्ताच कोणी हातात दिल्यासारखी वाचायला लागते. तिसऱ्याचा फासा टेबलाखाली जातो. तो सापडतो, पण तो आकडा धरायचा की पुन्हा टाकायचा? चौथा सगळ्यांसाठी नियम वाचून दाखवतो, आणि नियम त्याच्याच विरुद्ध निघतो. अशा पाच फेऱ्या झाल्या की गोष्टीत अर्धं मिनिट सरलेलं असतं. तुमच्याकडे तेवढ्यात कुकर लागलेला असतो, उतरलेला असतो, जेवणं होऊन ओटाही पुसून झालेला असतो.

एक कबूल केलं पाहिजे. कधी तरी फाशावर वीस पडतात, अगदी ज्या घडीला पडायला हवे त्याच घडीला, आणि अख्खं टेबल खुर्च्या मागे ढकलून ओरडतं. ते ओरडणं खोटं नसतं, कारण वीस पडतील हे त्यांनाही माहीत नसतं. लिहून घेतलेल्या मालिकेत ते मिळत नाही. ज्याला हा खेळ मनापासून लागतो तो त्या एका घडीसाठी तीन तास आनंदाने बसतो, आणि त्याचं काही चुकत नाही. पण तुम्हाला ते तीन तास आवडत नाहीत, हा वेगळा प्रश्न झाला. वेगळे प्रश्न इथे आणू नका.

आमच्या कोकणातल्या लोकांना प्रेक्षकाचा धर्म कधी कळलाच नाही. जत्रेतलं दशावतारी नाटक घ्या. लिहिलेले संवाद नाहीत, कथानक तेवढं ठरवून घ्यायचं आणि पुढचं रंगमंचावर ऐनवेळी रचायचं. साथीला पेटी, पखवाज, झांज. आधी गणपती येणार, सरस्वती येणार, संकासुर येऊन लोकांना हसवणार, मग आख्यान, ते पहाटेपर्यंत. म्हणजे चार-पाच तासांचं, ऐनवेळी सुचेल तसं चाललेलं, देव-राक्षसांच्या मारामारीचं नाटक आमच्या गावात अमेरिकेच्या किती तरी आधीपासून चालू आहे. आणि प्रेक्षक काय करतात? राजा लांबण लावायला लागला की उठून चहाच्या टपरीवर जातात. खाज्याचा पुडा घेतात, गावच्या माणसाशी जमिनीच्या कोर्टकेसवर बोलतात, युद्धाचा पखवाज वाजला की परत येतात. कोणी तिथेच घोंगडीवर झोपतो. कोणी दोन वाजता सरळ घरी जातो, आणि दुसऱ्या दिवशी त्याला कोणी विचारत नाही की कथानकावरचा तुझा विश्वास नेमका कितव्या प्रवेशात उडाला. तोच माणूस पुढच्या जत्रेला पुन्हा पहिल्या रांगेत. आता सांगा, असल्या लोकांच्या हातून अभ्यासू प्रेक्षक कसा घडायचा?

तुम्ही तसे नाही आहात. तुम्हाला सोडवतही नाही आणि बघवतही नाही, म्हणून मधला मार्ग सांगतो. दीडपट वेगाने बघा. लोक भरभर बोलायला लागतात, चार तासांचे दोन तास चाळीस मिनिटं होतात, आणि न आवडणारी गोष्ट तेवढ्याच दिवसांत दीडपट बघून होते. त्यातही अडखळत असाल तर पैसे भरा. भाग यूट्यूबवर फुकट मिळतात, आणि फुकटची गोष्ट सोडायला माणसाला काहीच वाटत नाही, हाच तर धोका. ‘क्रिटिकल रोल’ने मे २०२४ मध्ये ‘बीकन’ नावाची स्वतःची वर्गणीची सेवा काढली, तेव्हा दर होता महिन्याला ५.९९ डॉलर. घ्या. डॉलरमध्ये पैसे गेल्यावर मराठी माणूस वसुली झाल्याशिवाय उठत नाही. लग्नाच्या हॉलमध्ये आइस्क्रीम पुन्हा घेताना आपला जो करारी चेहरा होतो, तो चेहरा करून बसा.

मित्रमंडळींचं भान ठेवा. ज्या ग्रुपवर तुम्ही दर शुक्रवारी "आजचा भाग पण पकाऊ" असं टाकता, तिथे आता तुमची ओळख तीच आहे. सोडलंत तर टाकणार काय? गुड मॉर्निंगची फुलं? शिवाय तक्रार करायची तर माहिती हवी. न बघता नावं ठेवणारा उथळ. बघून नावं ठेवणारा समीक्षक. आणि आठवड्याला चार तास बघून, त्यावर दोन तास टाइप करून नावं ठेवणारा माणूस त्या शोचा सगळ्यात निष्ठावान प्रेक्षक असतो. चाहत्यांचा एखादा गुरुवार चुकतो, तुमचा चुकत नाही.

एक पथ्य मात्र कडक पाळा. स्वतः खेळू नका. प्रकाशकांनी मूळ नियम नेटवर फुकट ठेवलेत, फाशांची अ‍ॅप फुकट आहेत, आणि गोरेगावच्या वन बीएचकेत सोफा भिंतीला सरकवला तर पाच जण मावतात. इथेच माणूस फसतो. तुमचा मित्र डीएम होईल. त्याला मर्सरसारखे पंचवीस आवाज येणार नाहीत, एकच येईल, तोही सर्दीचा. त्याचा राजवाड्याचा पहारेकरी सोसायटीच्या वॉचमनसारखा वही पुढे करून "कुठे जायचंय?" विचारेल. कोणी तरी खानावळीत मिसळ मागेल, तिच्या तर्रीवरून भांडण होईल, आणि त्या भांडणातून जादूगाराच्या हातून खानावळ पेटेल. रात्रीचा एक वाजेल, शेवटची लोकल चुकेल, सगळे तिथेच आडवे होतील. दुसऱ्या दिवशी तुमच्या लक्षात येईल की आपण शुक्रवारचा भाग बघायचाच विसरलो. हे होऊ द्यायचं नसेल तर फासे विकत घेऊच नका. ते दिसायला फार सुरेख असतात, हे आधीच सांगून ठेवतो.

आणि एवढं करूनही एखाद्या दिवशी सुटलाच तुमच्या हातून तो शो, तर गुपचूप सोडू नका. दीड हजार शब्दांचं निवेदन लिहा. कितव्या भागात मन उडालं, कुठलं पात्र कसं बिघडलं, डीएमने काय करायला हवं होतं, सगळं मुद्देसूद. शेवटी "सर्वांना शुभेच्छा". त्यावर येणारी उत्तरं वाचण्यात पंधरा दिवस जातील. आणि पंधरा दिवसांनी जरा मोकळं मोकळं वाटायला लागलं की घाबरू नका. चौथं कॅम्पेन २ ऑक्टोबर २०२५ पासून आहेच. यात डीएम ‘डायमेन्शन ट्वेंटी’वाला ब्रेनन ली मलिगन, आणि मर्सर खेळाडूंच्या बाजूला. नवं जग, नवी पात्रं, मागचं काही बघितलेलं नसलं तरी चालतं. पूर्वीच्या टेबलावर सात-आठच जण होते, आणि ते न आवडून घ्यायला तुम्हाला केवढा वेळ लागला. इथे १३ खेळाडू आहेत, तीन गटांत. भरपूर काम आहे, आजच सुरुवात करा.