सिफर्टला भीती वाटत नव्हती, हे कुणी सांगितलं?

दर जूनमध्ये, फ्रान्समधल्या ल माँची चोवीस तासांची रेस जवळ आली की एक फोटो फिरायला लागतो. बेल्जियममधला स्पाचा ट्रॅक, साल 1970. ओ रूज नावाच्या वळणाच्या उतारावर दोन फिक्या निळ्या पोर्श 917 रेसिंग गाड्या एकमेकींना अंग घासत सुटल्या आहेत. एकीत जो सिफर्ट, दुसरीत पेद्रो रॉड्रिगेझ, आणि दोघे एकाच संघाचे! खालचा मजकूर थोड्याफार फरकानं असा असतो: 'हे खरे मर्द. यांना मरणाची भीती ठाऊक नव्हती. धोका ओळखून गाडीत बसायचे, चुकले तर किंमत मोजायचे, कुरकुर नाही. गाड्याही आजच्यापेक्षा वेगवान. मग ऑफिसात बसणाऱ्यांनी नियम काढले आणि खेळातला जीव गेला. आता गादीवर बसून गाडी चालवणारी पोरं उरलीत.'

फोटोवर माझंही प्रेम आहे. मामांच्या घरी रद्दीत सापडलेल्या एका इंग्रजी मासिकात तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी शाळेत होतो, आणि हा मजकूर तेव्हा हाती आला असता तर मीच दहा जणांना पाठवला असता. पण नंतर त्या माणसांबद्दल वाचत गेलो, त्यांनी म्हातारपणी सांगितलेलं ऐकत गेलो, आणि आता यातलं जवळजवळ एकही वाक्य गळी उतरत नाही.

पहिलं, भीतीचं. फोटोतली सिफर्टची गाडी त्या दिवशी जिंकली. चालवणारे दोघे होते, सिफर्ट आणि इंग्लंडचा ब्रायन रेडमन. लांब पल्ल्याच्या रेसमध्ये एकाच गाडीत पाळीपाळीनं बसतात. आता या रेडमनची गोष्ट ऐका. तेव्हाचं स्पा म्हणजे 14 किलोमीटरचा सार्वजनिक रस्ता. कडेला घरं, झाडं, तारेची कुंपणं. मास्ताच्या त्या वळणात तर गाड्या घरांच्या मधून सुसाट जायच्या. जून 1968 मध्ये याच रस्त्यावर रेडमनच्या कूपर गाडीचं सस्पेन्शन तुटलं, गाडी उडाली आणि त्याचा हात मोडला. त्याच्या आदल्याच दिवशी लुदोविको स्कार्फिओत्ती हा ड्रायव्हर जर्मनीत डोंगरचढाईच्या शर्यतीत मेला होता. त्या वर्षी मेलेले ड्रायव्हर असे: एप्रिलच्या 7 तारखेला जिम क्लार्क, मेच्या 7 ला माइक स्पेन्स, जूनच्या 8 ला स्कार्फिओत्ती, जुलैच्या 7 ला जो श्लेसर. दर महिन्याला हप्ता भरावा तसं.

रेडमननं पुढे कितीदा तरी सांगितलंय की स्पाच्या आदल्या रात्री त्याला झोप लागायची नाही. घामाघूम होऊन तो पडून राहायचा. आणि या घाबरणाऱ्या माणसानं स्पाची एक हजार किलोमीटरची रेस किती वेळा जिंकली? चार वेळा: 1968, 1969, 1970 आणि 1972. 'भीती ठाऊक नव्हती' म्हणणाऱ्यांनी या चार आकड्यांशी एकदा भांडून बघावं. मधल्या काळात, 1970 संपताना, तो रेसिंग सोडून दक्षिण आफ्रिकेत नोकरी करायलाही गेला होता. परत आला, 1971 च्या तार्गा फ्लोरियो या सिसिलीतल्या रेसमध्ये गाडी पेटून भाजला, आणि पुढच्या वर्षी पुन्हा स्पाला उभा राहिला.

बरं, रेडमन हळवा, सिफर्ट मात्र निडर, असंही नाही. 1969 मध्ये पोर्श 917 नवीन आली तेव्हा ती मोठ्या वेगात सरळ राहायला तयार नसायची, मागून उचलली जायची. कंपनीनं रेडमनला चाचणीसाठी बोलावलं. त्यानं सिफर्टला विचारलं, तू चालवलीस का? सिफर्टचं उत्तर अशा अर्थाचं होतं की, छे, काय काय तुटतं ते आधी दुसऱ्यांना शोधू दे. रेडमन हा किस्सा हसत सांगतो. त्याच वर्षी स्पाच्या सरावात सिफर्टनं 917 घेऊन सगळ्यात वेगवान फेरी मारली आणि रेसला मात्र जुनी, भरवशाची 908 निवडली. ती रेस जिंकलीही. जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंग ट्रॅकला तर पोर्शच्या पगारी ड्रायव्हरांपैकी कुणीच 917 मध्ये बसायला तयार होईना. शेवटी डेव्हिड पायपर आणि फ्रँक गार्डनर या बाहेरच्या दोघांना बोलावून ती चालवून घ्यावी लागली. जगातल्या सर्वोत्तम ड्रायव्हरांनी सरळ सांगितलं, या गाडीत बसणार नाही. कुणी त्यांना गादीवरची पोरं म्हटलं नाही.

जर्मन ड्रायव्हर हान्स हेरमानचं उदाहरण मला सगळ्यात जवळचं वाटतं. 1954 च्या मिले मिलियात, म्हणजे इटलीतल्या साध्या रस्त्यांवरच्या रेसमध्ये, रेल्वे फाटक पडत असताना शेजारी बसलेल्या साथीदाराच्या डोक्यावर टपली मारून, दोघे वाकून, फाटकाखालून गाडी काढणारा हाच तो माणूस. फाटकाचा तो किस्सा सगळ्यांना पाठ असतो. पुढचं कमी सांगितलं जातं. 1969 च्या ल माँला तो साधारण शंभर-सव्वाशे मीटरनं हरला, चोवीस तास चालवून! पुढच्या वर्षी निघताना बायको म्हणाली, या खेपेला जिंकलास तर थांबायचं. तो रिचर्ड ॲटवूडबरोबर जिंकला, पोर्शचा ल माँमधला पहिला विजय, आणि त्यानं खरोखर हेल्मेट ठेवून दिलं.

एक कबूल करायला हवं. इंग्लंडच्या स्टर्लिंग मॉससारखे ड्रायव्हर होते, धोका हाच या खेळाचा मोठा भाग आहे असं ते उघड म्हणायचे. पण त्याच मॉसची 1955 ची मिले मिलिया बघा. इटलीभरचा सोळाशे किलोमीटरचा रस्ता 10 तास 7 मिनिटांत, सरासरी ताशी 157 किलोमीटर. हे कसं जमलं? शेजारी बसलेल्या डेनिस जेंकिन्सननं आधी रस्ता पालथा घालून प्रत्येक अवघड वळण, प्रत्येक चढाव कागदाच्या लांबलचक गुंडाळीवर उतरवला होता आणि हातखुणांनी तो पुढचं सांगत होता. धोका आवडणं वेगळं, धोक्यापुढे डोळे मिटणं वेगळं. मॉस पहिल्यातला.

आता 'चुकले तर किंमत मोजायचे'. या वाक्याचा मला खरा राग येतो, कारण ते मेलेल्यांवर आळ घेतं.

फोटोतले दोघेही दीड वर्षाच्या आत गेले. पेद्रो 11 जुलै 1971 ला, न्युर्नबर्गच्या नोरिसरिंगवर. दुसऱ्याची फेरारी चालवत होता, आघाडीवर होता. गाडी भिंतीवर आदळली आणि पेटली. वय 31. धाकटा भाऊ रिकार्डो नऊ वर्षं आधी मेक्सिको सिटीत, सरावातच गेला होता, विशीत. सिफर्ट 1971 मध्येच 24 ऑक्टोबरला, इंग्लंडमधल्या ब्रँड्स हॅच ट्रॅकवर. त्याची बीआरएम गाडी आदळून पेटली. सिफर्टचा फक्त पाय मोडला होता. तो धुरानं गेला. ट्रॅककडेची आग विझवण्याची साधनं चाललीच नाहीत, हे पुढे चौकशीत आलं. या मरणात चूक कुणाची? हातात निकामी सिलिंडर दिलेल्या मार्शलची, म्हणजे ट्रॅककडेच्या मदतनीसाची? ज्यानं तो सिलिंडर तपासला नाही त्याची? सिफर्टची तर खास नव्हे. गाडीतच आग विझवण्याची यंत्रणा आणि ड्रायव्हरला नळीनं श्वासाची हवा, हे नियम त्यानंतर आले. मजकुरातल्या 'ऑफिसातल्या नियमां'पैकी हा एक.

इटलीचा ड्रायव्हर इग्नाझिओ जुंती घ्या. 10 जानेवारी 1971, ब्युनोस आयर्स. बेल्त्वाझच्या मात्रा गाडीतलं पेट्रोल संपलं, तो ती ढकलत ट्रॅकच्या आडवी नेत होता, पिटकडे, म्हणजे गाड्यांत पेट्रोल भरतात त्या जागेकडे. रेस चालूच! समोरच्या गाडीमागून आलेल्या जुंतीच्या फेरारीला ती मात्रा दिसायलाही उशीर झाला. वय 29. तो शौर्यानं मेला म्हणणं म्हणजे ज्यांनी रेस थांबवली नाही त्यांना माफी देणं.

'धोका ओळखून' हे तरी सगळ्यांना कुठं लागू होतं? मिले मिलियात 12 मे 1957 ला ग्विदित्सोलो गावाजवळ दे पोर्तागो या ड्रायव्हरच्या फेरारीचा टायर फुटला. तो आणि त्याचा साथीदार एडमंड नेल्सन गेलेच, शिवाय रस्त्याकडेला उभे असलेले नऊ प्रेक्षक गेले. त्यातली पाच मुलं होती. ती रेस तिथेच कायमची बंद पडली. त्याआधी दोन वर्षं, 11 जून 1955 ला ल माँत पिएर लेव्हेगची मर्सिडीज हवेत उडून गर्दीवर कोसळली, ऐंशीच्या वर माणसं मेली. स्वित्झर्लंडनं ट्रॅकवरच्या रेसिंगवर बंदी घातली. या माणसांनी काही ओळखून पत्करलं नव्हतं. तिकीट काढून, पोरांना खांद्यावर घेऊन ती रेस बघायला आली होती.

'ऑफिसात बसणाऱ्यांनी नियम काढले' हे तर उलटंच आहे. ल माँची जुनी सुरुवात अशी: ड्रायव्हर एका बाजूला, गाड्या समोर. झेंडा पडला की धावत जायचं, उडी मारून बसायचं, निघायचं. दिसायला झकास. पट्टा बांधायला कुणाला वेळ? 1968 मध्ये विली मेरेसच्या फोर्डचं दार घाईत नीट लागलं नव्हतं. पहिल्याच फेरीत, भर वेगात ते उघडलं. मेरेस वाचला, पण त्याचं रेसिंग संपलं. पुढच्या वर्षी चोवीस वर्षांचा जॅकी इक्स धावलाच नाही. सगळे पळत असताना तो रस्त्यावरून चालत गेला, शांतपणे बसला, पट्टा बांधला आणि शेवटून निघाला. पहिल्याच फेरीत 917 चालवणारा जॉन वुल्फ अपघातात गेला. पट्टा न बांधलेला. आणि इक्स, शेवटून निघालेला इक्स, चोवीस तासांनी जिंकला. हेरमान ज्याच्याकडून हरला तो हाच. 1970 पासून धावणं बंद, ड्रायव्हर पट्टा बांधून आत.

गंमत म्हणजे सुरक्षिततेच्या मोहिमांवरून इक्स आणि दुसरा ड्रायव्हर जॅकी स्टुअर्ट यांचं जमत नसे. स्टुअर्ट 1966 च्या पावसात स्पालाच मोडक्या गाडीत जवळजवळ पंचवीस मिनिटं अडकून पडला होता, अंगावर पेट्रोल गळत. ग्रॅहॅम हिल आणि बॉब बाँडुरंट या दोन ड्रायव्हरांनी कुणा प्रेक्षकाकडून पाना घेऊन स्टीअरिंग सोडवलं तेव्हा तो बाहेर आला. डॉक्टर नाही, मार्शल नाही. पुढे तो बोलायला लागला तेव्हा भित्रा, खेळ बिघडवणारा अशी शेरेबाजी झाली, आणि टीका करणाऱ्यांत मॉसचा साथीदार जेंकिन्सनसुद्धा होता. म्हणजे हा फिरता मजकूर आजचा नाहीच, स्टुअर्टच्या तोंडावर बोलून झालेला आहे. ड्रायव्हरांच्या संघटनेचं काम बघणारा यो बोनिए सुरक्षिततेसाठी वर्षानुवर्षं भांडला आणि 1972 च्या ल माँला गाडी झाडांत उडून मेला. ती दुर्घटना झाली तेव्हा मागून येणारा ड्रायव्हर व्हिक एलफर्ड रेस सोडून थांबला, अपघातातल्या दुसऱ्या, पेटलेल्या फेरारीचं दार त्यानं उघडलं. आत कुणी नव्हतं, ड्रायव्हर आधीच निसटला होता. याबद्दल फ्रान्सनं त्याला सन्मान दिला. बोनिएसाठी मात्र कुणालाच काही करता आलं नाही.

वेगाचा मुद्दा पटकन संपवतो, कारण त्यात निम्मं खरं आहे. 1971 मध्ये मार्को आणि व्हान लेनेप यांनी ल माँत 5335 किलोमीटर कापले आणि तो विक्रम 2010 पर्यंत टिकला. पण तेव्हाच्या सहा किलोमीटरच्या सरळ रस्त्यावर अडवणारं काही नव्हतं. 1990 पासून मध्ये दोन वळणं घातली आहेत. ती वळणं पार करून 2017 मध्ये कोबायाशीनं 3 मिनिटं 14.791 सेकंदांत फेरी मारली. 1971 ला पेद्रोची सगळ्यात वेगवान पात्रता फेरी 3 मिनिटं 13.9 सेकंदांची. हिशेब ज्याचा त्यानं करावा.

आणि ती गादी? 2011 च्या ल माँला ॲलन मॅकनिशची ऑडी कडेच्या टायरांच्या भिंतीवर उडून चक्काचूर झाली. तो चालत बाहेर आला. त्याच रात्री त्याच संघाच्या रॉकेनफेलरचीही तीच गत, आणि तोही वाचला. ज्यांना ही गादी वाटते त्यांनी ते चित्रण एकदा बघावं. दोन वर्षांनी, 2013 मध्ये, ॲलन सिमन्सन तिथेच मेला, रेस सुरू होऊन जेमतेम काही मिनिटं झाली असताना.

रॉड्रिगेझ मला आवडतो तो ब्रँड्स हॅचसाठी. एप्रिल 1970, धो धो पाऊस. धोक्याचा पिवळा झेंडा असताना ओव्हरटेक केलं म्हणून त्याला आत बोलावून झापलं. तोंडातून शब्द न काढता त्यानं ऐकून घेतलं, बाहेर गेला आणि ओल्या रस्त्यावर 917 अशी चालवली की शेवटी पाच फेऱ्यांनी जिंकला. त्या दिवशी मेला असता तर ही रेस जास्त मोठी झाली असती का? सिफर्टच्या अंत्ययात्रेत स्वित्झर्लंडमधल्या फ्रिबूर्गच्या रस्त्यावरून पुढे एक 917 चालत होती. हजारो लोक आले होते, ते त्याला मरताना बघायला कधीच गेले नव्हते.

परत त्या फोटोकडे. ओ रूजला सिफर्ट आणि पेद्रो घासून गेले तेव्हा रेडमन पिटमध्ये होता. आदल्या रात्रीचा जागलेला. आणि तासाभरानं त्याला त्याच गाडीत बसायचं होतं.