देव पहिला! (आपलं उरकलं की)

ज्यांना देवाला पहिलं स्थान द्यायचंय पण बाकी कशालाच दुसऱ्यावर टाकायचं नाहीये, अशा माझ्या सातारकर बंधुभगिनींसाठी चार टिप्स देतोय. अनुभवाच्या आहेत, बुधवारीच ताजा आलाय.

सकाळी डोळा उघडला की आधी ग्रुपवर बायबलचं वचन टाका. गुलाबाचं फूल, उगवता सूर्य, खाली मत्तय 6:33. वाचलंच पाहिजे असं नाही. 'पहिल्याने त्याचे राज्य' फॉरवर्ड झालं की दिवसभर आपलं राज्य.

गाडीच्या मागच्या काचेवर 'येशू प्रथम' लावा. पोवई नाक्यावर राँग साईडनं घुसताना लोकांना कळायला नको का कोण प्रथम?

उपासना साडेनऊची म्हणजे घरातनं निघायचं दहाला. कासला फुलं आली की तेवढंही नको, पठारावरनं 'काय ही प्रभूची करणी' असा फोटो टाकला की हजेरी लागते.

दानाची थैली जवळ आली की दहाची नोट शोधा. पाचशेची आधी हाताला लागेल, तिला परत आत सरकवा. दशांशाचं, म्हणजे कमाईतला दहावा हिस्सा देवाला द्यायचं, कुणी काढलंच तर, तो जुना करार झाला म्हणायचं.

आता घरगुती प्रार्थना. आमच्याकडं बुधवारी होती, संध्याकाळी सातला. ग्रुपवर टाकलं तर एकतीस अंगठे, एका काकांचं तर तीनदा आमेन. हिनं दोन किलो पोहे भिजवले, मी शेजारनं सतरंज्या आणल्या, चर्चमधनं गाण्याची पुस्तकं आणली, चपला कुठं मावतील ह्याचं पण टेन्शन घेऊन झालं, आणि साडेसातला आले कोण तर पाळकसाहेब, पाळकीणबाई, कानानं कमी ऐकू येणारी माझी आत्या आणि बिल मागायला आलेला केबलवाला. तो बिचारा बसला पण. मग फोन सुरू. एकाची प्लॉटची मोजणी लांबली. दुसऱ्यानं नवी गाडी काढली, ती वाईपर्यंत पळवून बघत होता. तिसऱ्याचं मिसेसच्या माहेरी केळवण, "तुम्हाला तर माहितेय दादा".

रात्री लूक 14 काढला. मेजवानीला बोलावलेला एक म्हणतो शेत घेतलंय, बघायला जायचंय, दुसऱ्याला बैलांच्या पाच जोड्या पारखायच्यात, तिसऱ्याचं नुकतंच लग्न झालंय. अरे, दोन हजार वर्षांत एक तरी नवीन कारण शोधायचं होतं! बैलाची गाडी झाली एवढाच काय तो फरक. आणि त्या तिघांनी निदान बोलवायला आलेल्याला तोंडावर सांगितलं, अंगठे दाखवून पोहे नाही भिजवायला लावले.

ज्या साताऱ्यात 1917 साली ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी मिशनच्या पगारावर पाणी सोडून ख्रिस्तभक्तांचा 'देवाचा दरबार' मांडला, त्या साताऱ्यात आपल्याला सदरबझारपर्यंत तासभर यायला होत नाही? नाही जमत तर नाही म्हणा ना, देवाला पण चालेल. पण पहिला पहिला म्हणून त्याला सगळ्यात शेवटी उभा करता आणि वर स्टिकर लावता, लाज वाटत नाही का? मला पण वाटायला पाहिजे म्हणा, कारण पाळकसाहेब प्रार्थना करत होते तेव्हा माझा एक डोळा दाराकडंच होता, कोण कोण आलं नाही ते मोजत होतो.

पोहे गुरुवारी दुपारपर्यंत पुरले. पुढच्या बुधवारी परत आहे. अंगठा नको, या.