पाच मिनिटांत डेव्हलपर ओळखणाऱ्यांसाठी

भरती करणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. चांगला डेव्हलपर म्हणे पाच मिनिटांत कळतो: एखादं कोडं घाला, केटी लागलेल्याला, म्हणजे कॉलेजात एखाद्या विषयात नापास होऊन तो पुन्हा द्यावा लागलेल्याला, वगळा, उशिरा आलेल्याला दारातूनच परत पाठवा, आणि निवड चुकलीच तर प्रोबेशनमध्ये काढून टाका. आमच्या साकीनाक्याच्या ऑफिसात टेक्निकल मुलाखती मीच घेतो, त्यामुळे हा मला तीन जणांनी पाठवला.

पाच मिनिटांत एवढंच कळतं, की समोरचा आपल्यासारखा बोलतो की नाही. मग फाडफाड इंग्रजीवाला आत जातो आणि शब्द जुळवत बोलणारी अंबरनाथची मुलगी बाहेर राहते. मानसशास्त्रज्ञ पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी 2022 मध्ये निवडपद्धतींवरचं जुनं संशोधन पुन्हा तपासलं. सगळ्यांना तेच प्रश्न विचारून ठरलेल्या निकषांवर गुण देणाऱ्या मुलाखतीचा पुढच्या कामगिरीशी संबंध (0 म्हणजे काहीच नाही, 1 म्हणजे पूर्ण) 0.42 निघाला, आणि मनाला येईल तसं विचारलेल्या गप्पांचा 0.19. पहिला आकडाही फार मोठा नाही. माणूस ओळखणं अवघडच आहे, म्हणून तर पाच मिनिटांचा दावा हास्यास्पद वाटतो.

कोड्यांचं म्हणाल, तर अशा प्रश्नांसाठी एकेकाळी गूगलचं नाव घेतलं जायचं. तिथले तेव्हाचे मनुष्यबळ प्रमुख लास्लो बॉक यांनीच 2013 मध्ये जाहीर सांगितलं, की ही कोडी म्हणजे वेळ घालवणं आहे, त्यातून काही कळत नाही. शिवाय सकाळच्या उमेदवाराला घातलेलं कोडं दुपारच्याला पाठ असतं!

त्यापेक्षा रोजचं काम समोर ठेवा. मी पन्नासेक ओळींचा कोड देतो, त्यात एक दोष असतो. ग्राहकाने यूपीआयने पैसे भरले, उत्तर यायला उशीर झाला, त्याने पुन्हा बटण दाबलं आणि दोनदा पैसे कापले गेले. लॅपटॉप, इंटरनेट, सगळं वापरायची मुभा. कोणी बटणच काही सेकंद बंद ठेवतो. ठीक आहे, पण ॲप बंद करून परत उघडलं की दोष तिथेच. कोणी प्रत्येक ऑर्डरला तिचा स्वतंत्र क्रमांक देऊन तो सर्व्हरवर आधी तपासतो. एखादी मात्र कोडला हात लावण्याआधी विचारते, ‘ज्यांचे आधीच कापले गेलेत, त्यांचे परत कसे करायचे?’ तिला मी सगळ्यात जास्त गुण देतो. आणि हे निकष मुलाखतीआधी कागदावर लिहिलेले असतात, नाहीतर शेवटी आवडत्याला झुकतं माप मिळतंच.

केटीचा नियम ज्याने काढला, त्याने मुंबई विद्यापीठाचा एम-थ्रीचा, म्हणजे इंजिनीअरिंगच्या गणिताचा, पेपर दिलेला नसावा. तिसऱ्या सेमिस्टरच्या गणितावरून पाच वर्षं काम केलेल्या माणसाची पारख कसली करता?

उशिराबद्दल एकच. मध्य रेल्वेची गाडी कुर्ल्याला अडकली, तर तो त्याचा गुण नाही की दोषही नाही. फोन करून कळवलं का, तेवढं बघा.

राहिलं प्रोबेशन. आपल्याकडे बऱ्याच कंपन्यांत नोटीस 90 दिवसांची. म्हणजे निवडलेला माणूस जुनी नोकरी सोडून तीन महिन्यांनी येणार, पुढचे काही महिने तुमचा सीनियर त्याला शिकवण्यात घालवणार, आणि मग तुम्ही त्याला काढणार. तोवर त्याची जुनी जागा भरलेली आणि तुमची पुन्हा रिकामी. त्यापेक्षा मुलाखतीला दीड तास जास्त गेला तर गेला.