दोन हजार गोळ्यांत नळी बाद? कुठल्या रायफलची, ते आधी विचारा

वरळीच्या रेंजवर सराव करणाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांत एक मेसेज फिरतोय: ‘दोन हजार गोळ्यांनंतर रायफलची नळी बाद होते, गोळी घासून आतले आटे झिजतात, जुनी .२२ घेऊ नका.’ (आटे म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या नळीतल्या वळणदार खाचा; .२२ म्हणजे इंचाच्या सुमारे बावीस शतांश भोकाची छोटी रायफल.)

आकडा अगदीच हवेतला नाही, पण तो .२२ चा नव्हे. लांब पल्ल्याच्या नेमबाजीत ६.५ क्रीडमूर या काडतुसाच्या रायफलची नळी साधारण २००० ते ३००० गोळ्यांनंतर अचूकता गमावू लागते. .३०८ या थोड्या रुंद भोकाच्या काडतुसाची त्याहून बरीच जास्त टिकते. दोन्हींत बंदुकीची दारू जवळपास सारखीच, सुमारे ४०-४५ ग्रेन (अडीच-तीन ग्रॅम), पण क्रीडमूरचं भोक अरुंद. तेवढाच तप्त वायू लहान वाटेतून घुसतो. झीजही मुख्यतः त्यानेच होते, गोळीच्या घासण्याने कमी. चेंबरच्या (काडतूस बसतं त्या खोबणीच्या) लगेच पुढे, आटे सुरू होतात तिथे, पोलादाला बारीक भेगा पडतात आणि तो भाग हळूहळू खाल्ला जातो. भराभर गोळ्या झाडून नळी तापवली की आणखी लवकर.

.२२ मध्ये दारू जेमतेम एक-दोन ग्रेन, गोळी मऊ शिशाची, वर वंगण. स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या ५० मीटर प्रकारात कांस्य जिंकलं, तो याच .२२ चा. नीट राखलेली अशी नळी हजारो गोळ्या सहज पचवते. १० मीटर एअर रायफलमध्ये तर दारूच नसते!

जुनी .२२ घेताना गोळ्या मोजत बसण्यापेक्षा आत गंज आहे का पाहा. मुंबईच्या पावसाळ्यात तो लवकर धरतो. वेड्यावाकड्या घातलेल्या क्लीनिंग रॉडनेही नळीचं टोक खराब होतं. मग टेस्ट ग्रुप मारून बघा, म्हणजे एकाच नेमावर काही गोळ्या झाडून त्या किती जवळजवळ लागतात ते.