द्राक्षवेलीला आपली काळी माती मानवत नाही

इंदूरच्या मराठी मंडळींच्या मोबाइलवर सध्या एक मजकूर फिरतोय. वाइनची द्राक्षं फक्त ३० ते ५० अक्षांशांमधल्या, बर्फ पडणाऱ्या देशांत होतात. माळव्याच्या उन्हात जमायची नाहीत. माती मात्र आपली अशी कसदार, की थंडी असती तर फ्रान्सला मागे टाकलं असतं! हे वाचून उद्या कुणी काळ्या रानात वेली लावायला निघेल, म्हणून लिहितेय.

अक्षांशांचा पट्टा खरा, पण तो काही कायदा नव्हे. नाशिक २० अंशांवर आहे, म्हणजे इंदूरच्याही दक्षिणेला. ब्राझीलमध्ये साओ फ्रान्सिस्को नदीच्या खोऱ्यात तर विषुववृत्तापासून जेमतेम ९ अंशांवर वाइन होते.

थंडी. युरोपात ती वेलीला झोपवते. पानं गळतात, वसंतात डोळे फुटतात. आपल्याकडे वेल झोपतच नाही. म्हणून नाशिककर वर्षातून दोनदा कात्री चालवतात. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, तिच्यावर काडी तयार होते. पाऊस सरला की फळछाटणी. घड हिवाळ्यात भरतात आणि तोडणी जानेवारी ते मार्च. सगळा खटाटोप फळाला पावसापासून वाचवण्याचा, कारण ओलीत केवडा नावाचा बुरशीचा रोग बाग खाऊन टाकतो.

उन्हाचंही तसंच. दिवसाच्या उन्हात साखर भरते, पण रात्रही उकाड्याची असेल तर मण्यातला आंबटपणा झपाट्याने उतरतो आणि वाइन मिळमिळीत होते. ‘शब-ए-मालवा’, म्हणजे रात्र असावी तर माळव्याची, असं उगाच नाही म्हणत! इंदूर साधारण ५५० मीटर उंचीवर आहे, जानेवारीच्या रात्री चांगल्या गार असतात. मला भीती वाटते ती मावठ्याची. पिकत आलेल्या घडावर पाऊस पडला की मणी तडकतात, कुजतात.

आता माती. ‘मालव धरती गहन गंभीर, डग डग रोटी पग पग नीर’ ही ओळ गहू-सोयाबीनसाठी अगदी खरी आहे. वाइनच्या वेलीला मात्र हे लाड सोसत नाहीत. पोटभर खत-पाणी मिळालं की ती पानांत माजते, घडांवर सावली धरते. मणी फुगतात, आणि रंग-चव तर सालीत असते. मणी मोठा झाला की रसाच्या मानाने साल कमी पडते. वर काळ्या मातीतली चिकण पाणी सोडत नाही. देपालपूरकडे मामांच्या शेतात मे महिन्यात भेगांत कोपरापर्यंत हात जातो, आणि जुलैत त्याच जागी चप्पल रुतून बसते. अशा जागी वेलीच्या मुळांना हवा कुठून मिळणार?

ज्यांना खरंच बाग लावायची आहे, त्यांनी महू-मानपूरकडची उताराची, मुरमाड जमीन बघावी. पावसाळ्यात तीन फूट खड्डा खणा, पाण्याने भरा आणि दुसऱ्या दिवशी पाणी जिरलं का ते जाऊन बघा. मामांच्या शेतातल्या खड्ड्यात चौथ्या दिवशीही पाणी होतं.